नोकरीची किंमत : परदेशातील सफाईकामाच्या बाजाराचे विवेचन

कोकणातल्या कुठल्याही एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटलेला असतो तसा एक कागद डोळ्यांपुढे आणा. "दुबईसाठी तातडीने पाहिजेत. क्लीनर, हाउसकीपिंग बॉईज, रूम अटेंडंट. फाइव्ह स्टार हॉटेल. पगार ९०० दिऱ्हम + ओटी. राहणे, वाहतूक फ्री. ईसीआर चालेल. क्लायंट इंटरव्ह्यू मुंबईत. ओरिजिनल पासपोर्ट घेऊन येणे." खाली एक मोबाइल नंबर. ही जाहिरात नमुन्याची आहे, पण शब्द बाजारातलेच आहेत. मुंबईहून निघणाऱ्या 'असाइनमेंट्स अब्रॉड टाइम्स'सारख्या नियतकालिकात अशाच जाहिराती पानोपानी असतात. तिथे निदान एजन्सीचे नाव आणि परवान्याचा क्रमांक छापलेला असतो. भिंतीवरच्या कागदावर तेही नसते.

या कागदात पगार आहे, काम आहे, देश आहे. नाही ती एकच गोष्ट : ही नोकरी मिळवण्याचा खर्च कोण करणार? या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की परदेशातल्या सफाईच्या आणि हॉटेलातल्या कामाचा दर्जा पगाराच्या आकड्यावरून ओळखता येत नाही. तो ओळखता येतो ती नोकरी मिळवण्यासाठी पैसे कोणी मोजले यावरून. बाकीच्या बहुतेक गोष्टी, म्हणजे कामाचे तास, नोकरी बदलण्याची मुभा, तक्रार करण्याची हिंमत, या एका प्रश्नाच्या उत्तराला बांधलेल्या असतात. मग आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत शेवटी का विचारला जातो, आणि तोही दबक्या आवाजात, हे पाहण्यासारखे आहे.

काम म्हणजे नेमके काय

'क्लीनिंग' या एका शब्दात तीन वेगळे व्यवसाय कोंबलेले आहेत. कोणाच्या घरात राहून करायचे घरकाम हा एक. हॉटेल, मॉल, रुग्णालय, ऑफिस यांची सफाई हा दुसरा. प्रवासी जहाजावरच्या केबिनची देखभाल हा तिसरा. हातातला मॉप तिन्हीकडे तोच असला तरी कायदा प्रत्येक ठिकाणी निराळा लागतो. घरकाम करणारी बाई आखातातल्या बहुतेक देशांत सर्वसाधारण कामगार कायद्याच्या बाहेर आहे आणि तिच्यासाठी वेगळा, सहसा पातळ कायदा आहे. हॉटेलातला रूमबॉय कामगार कायद्याखाली येतो. जहाजावरचा केबिन स्टुअर्ड तर कायद्याच्या भाषेत खलाशी आहे, मग त्याने आयुष्यात कधी सुकाणूला हात लावलेला नसो.

हॉटेलातली एक खोली जवळून पाहू. रूम अटेंडंटला सकाळी कामाचा कागद मिळतो, त्यावर खोल्यांचे क्रमांक. चांगल्या हॉटेलात आठ तासांच्या पाळीत साधारण चौदा ते सोळा खोल्या हा सर्वमान्य हिशेब. म्हणजे सरासरी एका खोलीला अर्धा तास. पण खोली खोलीत फरक असतो. पाहुणा अजून राहत असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत आटपते. चेकआउटची खोली चाळीस-पंचेचाळीस मिनिटे खाते : चादरी काढायच्या, गादी सरकवून पाहायची, बाथरूमच्या काचेवरचा साबणाचा थर घासायचा, मिनीबार मोजायचा, शॉवरच्या जाळीतला एकेक केस टिपायचा. तो एक केस राहिला तर सुपरवायझर खोली परत करायला लावतो. दारावर 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी असेल तर ट्रॉली ढकलत पुढे जायचे आणि दुपारी पुन्हा तिथे यायचे. ज्या दिवशी सोळापैकी दहा खोल्या चेकआउटच्या निघतात, त्या दिवशी आठ तास पुरत नाहीत.

आता गंमत अशी की करार तासांचा असतो आणि काम खोल्यांचे. सोळा खोल्या पुऱ्या करायला दहा तास लागले तर वरचे दोन तास ओव्हरटाइम धरायचे, की "तू हळू काम करतोस" म्हणून सोडून द्यायचे? हा वाद जगभरच्या हॉटेलांत आहे. पण ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो हा वाद घालत नाही. तो निमूट खोल्या पुऱ्या करतो.

हॉटेलाचे नाव आणि मालकाचे नाव

जाहिरातीत 'फाइव्ह स्टार हॉटेल' लिहिलेले असते. करारावर मात्र बहुधा नाव असते एखाद्या क्लीनिंग सर्व्हिसेस किंवा मॅनपॉवर सप्लाय कंपनीचे. हॉटेल आपली सफाई बाहेर देते, सप्लाय कंपनी माणसे पुरवते, आणि माणूस गणवेश हॉटेलाचा घालतो पण व्हिसा कंपनीचा वापरतो. आखातात गेलेला जुना माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो : "हॉटेलचा आहे की सप्लायचा?"

फरक मोठा आहे. हॉटेलच्या थेट नोकराला बहुधा हॉटेलातच जेवण, राहण्याची बरी सोय, कुठे कुठे सर्व्हिस चार्जमधला वाटा, आणि पुढे वेटर किंवा फ्रंट ऑफिसला जाण्याची वाट असते. सप्लायवाल्याला महिन्याचा ठरलेला दर आणि शहराबाहेरचा कॅम्प. हॉटेलाने कंत्राट बदलले की त्याला बसमध्ये घालून दुसरीकडे नेतात. आज हॉटेल, उद्या मॉल, परवा शाळा. त्यामुळे मुलाखतीला जाताना हॉटेलाचे नाव ऐकून भुलू नये. व्हिसावर कोणाचे नाव येणार ते विचारावे, आणि उत्तर गोलमाल आले तर समजून जावे.

'९०० दिऱ्हम' या आकड्याचीही अशीच फोड करावी लागते. त्यातला मूळ पगार, म्हणजे बेसिक, किती आणि भत्ते किती? संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यात ओव्हरटाइम आणि नोकरी संपल्यावरची ग्रॅच्युइटी हे दोन्ही बेसिकवर मोजतात. ओव्हरटाइमला बेसिकच्या हिशेबाने तासाला २५ टक्के जादा, रात्री १० ते पहाटे ४ या वेळात ५० टक्के. ग्रॅच्युइटी वर्ष पूर्ण झाल्यावर लागू, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार. आता ९०० मधले बेसिक ६०० धरले तर एका तासाचा ओव्हरटाइम सुमारे ३ दिऱ्हम पडतो. सगळे ९०० बेसिक असते तर तो साडेचारच्या वर गेला असता. रोज दोन तास, महिन्याचे २६ दिवस या हिशेबाने एकाला १६२ दिऱ्हम मिळतात, दुसऱ्याला २४४. वर्षाची ग्रॅच्युइटी एकाची ४२०, दुसऱ्याची ६३०. जाहिरातीतला पगार मात्र दोघांचा सारखाच.

आणि 'राहणे, वाहतूक फ्री' या तीन शब्दांत जेवण नाही, हे वाचताना सुटते. एजंटांच्या भाषेत 'एफ-ए-टी' म्हणजे फूड, अकोमोडेशन, ट्रान्सपोर्ट. त्यातला 'एफ' गळाला की कॅम्पातली मेस किंवा स्वतःची चूल, आणि खर्च स्वतःचा. कतारने ही भानगड कायद्यानेच मिटवली. मार्च २०२१ पासून तिथे किमान मूळ वेतन १,००० रियाल आहे. मालक जेवण देत नसेल तर ३०० आणि जागा देत नसेल तर ५०० रियाल वेगळे द्यावे लागतात. हे किमान वेतन राष्ट्रीयत्व न पाहता सर्वांना, घरकामगारांनाही, लागू आहे.

किमतीचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा या नोकरीसाठी एका मुलाने एजंटला एक लाख रुपये दिले. घरात एवढी रोकड नसते, म्हणून शेकडा तीन दराने, म्हणजे महिना तीन टक्के व्याजाने, गावातूनच उचलले. दिऱ्हम २२ रुपयांना धरू. ९०० पैकी जेवण, फोन, साबण-तेल वजा जाता ६०० दिऱ्हम उरतात असे मानू, म्हणजे १३,२०० रुपये. ते सगळे कर्जात घातले तर मुद्दल आणि व्याज फिटायला नऊ महिने लागतात. करार दोन वर्षांचा. म्हणजे चोवीसपैकी नऊ महिने तो मुलगा नोकरी विकत घेतल्याचे पैसे फेडतो, आणि त्या काळात घरी एक रुपया येत नाही. घरी मात्र "पोरगा दुबईला आहे" म्हणून लग्नाचे, छपराचे, शाळेचे खर्च त्याच्या नावावर पडायला लागलेले असतात.

पण पैशाचा हिशेब हा अर्धाच भाग झाला. मोठी गोष्ट पुढे आहे. विमानतळावर उतरल्यावर त्याला दुसरा कागद दिला की पगार ९०० नव्हे, ७०० आहे, तर तो काय करील? कर्ज नसते तर परतीचे तिकीट मागितले असते. कर्ज आहे, म्हणून सही करतो. कराराची अदलाबदल हा आखातातला जुना रोग, आणि तो चालतो तो कर्जाच्या जोरावर. नोकरीची फी ही निव्वळ फी नसते. ती कामगाराची "नाही" म्हणण्याची ताकद आधीच काढून घेते. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातले मर्म हे आहे, आणि म्हणून "लाखाने काय होतं, दोन वर्षांत वसूल" हा गावातला युक्तिवाद चुकीचा आहे. लाख वसूल होतीलही. नऊ महिन्यांची लाचारी वसूल होत नाही.

मुळात सफाईच्या नोकरीला किंमत येते कशी? हे काम शिकायला कॉलेज लागत नाही. मागणी तिथे आहे, माणसे इथे आहेत. साध्या हिशेबाने माणूस शोधण्याचा खर्च मालकाने करायला हवा. पण आखातात माणूस हवा असणाऱ्या कंपनीला व्हिसे मिळतात आणि तो व्हिसा त्या कंपनीशी किंवा त्या घरमालकाशी बांधलेला असतो. त्या मालकालाच कफील म्हणतात, आणि सगळ्या पद्धतीला कफाला. इथला पगार आणि तिथला पगार यांतला फरक हा त्या कागदाचा भाव. तिथला मधला माणूस व्हिसा विकतो, मुंबईचा एजंट तो घेतो, तालुक्याचा सबएजंट त्यावर आपले चढवतो. शेवटी जो माणूस झाडू धरणार तो सगळ्यांचे पैसे भरतो. 'आझाद व्हिसा' म्हणून जे विकले जाते ते याचेच टोक. कफील नावापुरता, काम स्वतः शोधायचे, आणि दर वर्षी कागद टिकवायला कफिलाला पैसे मोजायचे. कायद्याच्या नजरेत असा माणूस बेकायदा कामावर असतो.

गेल्या काही वर्षांत हे बंध सैल झाले आहेत, हे खरे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत दाखल्याची अट काढली. सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून खासगी कंपन्यांतल्या कामगारांना काही अटींवर नोकरी बदलण्याची मुभा दिली, पण घरकामगार त्यातून वगळले. सौदीत मालकाने 'हुरूब' नोंदवला, म्हणजे कामगार पळून गेला अशी खबर दिली, की माणसाचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, रद्द होण्याची वेळ येते. पगार मागणाऱ्याच्या विरोधात हे हत्यार वापरल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे आहेत. पासपोर्ट काढून घेणे कतारमध्ये गुन्हा आहे, दंड २५,००० रियालपर्यंत. तरी ऑफिसच्या तिजोरीत पासपोर्टांची चळत असते, आणि कामगाराला सांगतात की "सेफ्टीसाठी ठेवलाय".

हाच झाडू, दुसरा कागद

कागद बदलला की किंमत कशी बदलते हे पाहायला गोव्यात जावे.

गोव्यात जहाजावर जाणाऱ्याला तारवोटी म्हणतात. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर गोव्याचे बटलर, स्टुअर्ड आणि स्वयंपाकी पिढ्यान्‌पिढ्या गेले. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरातले गावोगावचे कूड हे त्यांच्या बोटी लागेपर्यंतच्या मुक्कामाचे ठिकाण. आजचा तारवोटी क्रूझ लायनरवर केबिन स्टुअर्ड होतो. त्याला सीडीसी, म्हणजे खलाशी-पुस्तिका, काढावी लागते, एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण-नियमांचे आग, प्रथमोपचार, जीवरक्षण वगैरे कोर्स करावे लागतात. पण तो खलाशी असल्यामुळे त्याला २००६ चा सागरी कामगार करार लागू होतो. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. या कराराप्रमाणे नोकरी मिळवून देण्याची फी खलाशाकडून घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, खलाशी-पुस्तिका आणि पासपोर्ट एवढाच खर्च त्याच्यावर, व्हिसासुद्धा जहाजमालकाने द्यायचा. भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना हवा. कामाचे तास दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ पेक्षा जास्त नाहीत, किंवा दिवसाला किमान १० तास विश्रांती. हे तासही काही सुखाचे नाहीत. सहा-आठ महिने रविवार नाही. तरीही 'जहाजावर लावतो, तीन लाख दे' म्हणणारा माणूस कायदा मोडतो आहे हे इथे एका वाक्यात सांगता येते. आखाताच्या बाबतीत इतक्या सरळपणे सांगता येत नाही.

गोव्यातलाच दुसरा रस्ता पोर्तुगीज पासपोर्टाचा. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांनी लिस्बनला जन्मनोंद करून नागरिकत्व घेतले आणि त्या जोरावर इंग्लंड गाठले. स्विंडनमध्ये गोयंकारांची मोठी वस्ती झाली. तिथली कामे गोदामातली, हॉटेलातली, ऑफिस-सफाईची, म्हणजे काम आखातासारखेच. पण पासपोर्ट कोणत्याही मालकाशी बांधलेला नसल्याने तिथल्या रोजगार एजन्सीत नाव नोंदवले की आठवड्यात काम, आणि नाही पटले तर पुढच्या आठवड्यात दुसरे. नोकरीसाठी कोणी लाख मोजत नाही, कारण विकायला काही उरतच नाही. ब्रेक्झिटनंतर २०२० अखेर हा दरवाजा नव्यांसाठी बंद झाला. भारतीय नागरिकत्व गमावण्याची किंमत तर त्यांनी मोजलीच, पण ती वेगळ्या खात्यात मोडते.

जर्मनीचा प्रयोगही इथे नोंदवायला हवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच्या यादीत परिचारिका, इलेक्ट्रिशियन यांच्याबरोबर वेटर, स्वयंपाकी, हॉटेल रिसेप्शनिस्ट आणि सफाई कर्मचारीही होते. तिथे अडसर पैशाचा नाही, भाषेचा आहे. जर्मन शिकल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, आणि भाषा शिकायला लागणारे महिने ज्याला घरी बसून काढता येतात तोच जाऊ शकतो. दहावी नापास मुलासाठी हा रस्ता कागदावरच राहतो.

इथला कायदा काय म्हणतो

भारतातला पाया १९८३ चा उत्प्रवास कायदा. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टला ईसीआर म्हणतात, आणि असा माणूस १८ देशांत (आखाती देश, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया वगैरे) नोकरीला निघाला की त्याला उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. ही मंजुरी आता ई-मायग्रेट या संगणकप्रणालीतून होते. करार पाहिला जातो, पगार भारतीय दूतावासाने ठरवलेल्या किमान मर्यादेखाली नाही ना हे पाहतात, प्रवासी भारतीय विमा योजना लागते. या विम्यात अपघाती मृत्यू किंवा कायम अपंगत्वाला १० लाखांचे संरक्षण आहे आणि दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. चहा-वड्याच्या खर्चात येणारी ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते, कारण ती मंजुरीच्या कागदांत गुंडाळलेली असते.

आता यातली खोच. दहावी पास झालेल्या मुलाचा पासपोर्ट ईसीएनआर. त्याला मंजुरीची गरज नाही, म्हणून त्याचा करार कोणी पाहत नाही. हाउसकीपिंगला जाणारी आपल्याकडची बरीच मुले दहावी-बारावी झालेली असतात. ज्याला सरकार शिकलेला आणि म्हणून सुरक्षित समजते, तो त्याच कॅम्पात, त्याच पगारावर, पण कोणत्याही नोंदीशिवाय जातो.

फीबाबत कायदा म्हणतो : नोंदणीकृत एजंटने कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घ्यावा. १८ टक्के धरून ३५,४०० होतात. पावती बंधनकारक. सबएजंट नेमायला परवानगी नाही. ३५,४०० चे कर्ज वरच्याच हिशेबाने तीन महिन्यांच्या आत फिटते. एक लाख आणि हे यांतला फरक सहा महिन्यांच्या आयुष्याचा आहे. पण मुळात ३०,००० तरी का? अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात स्पष्ट आहे की भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून थेट किंवा आडून वसूल करू नये. म्हणजे ज्या देशात नोकरी आहे तिथला कायदा म्हणतो शून्य, आणि ज्या देशातून माणूस निघतो तिथला म्हणतो तीस हजार. नेपाळने २०१५ मध्ये 'फ्री व्हिसा, फ्री तिकीट' जाहीर केले आणि एजंटची फी दहा हजार नेपाळी रुपयांवर आणली. फिलिपिन्सने त्याआधी, २००६ मध्ये, घरकामगारांकडून भरती-फी घेण्यावरच बंदी घातली आणि किमान पगार ४०० डॉलर ठरवला. हे नियमही सर्रास मोडले जातात. पण मोडणारा गुन्हेगार ठरतो, एवढा तरी फरक पडतो. आपण मर्यादा घालून फीला मान्यताच दिली, आणि मग मर्यादेच्या वरचे पैसे रोखीत, पावतीविना घेण्याची सोय झाली.

स्त्रियांसाठी नियम अधिक कडक आहेत. ईसीआर पासपोर्ट असलेल्या बाईला या १८ देशांत घरकामासाठी जायचे तर वय ३० पूर्ण हवे, आणि २०१६ पासून अशी भरती मुख्यतः केरळच्या नोर्का रूट्ससारख्या सरकारी संस्थांमार्फतच व्हायला हवी. हेतू चांगला, पण परिणाम तपासावा लागतो. कुवेतला खद्दामा, म्हणजे मोलकरीण, म्हणून जाणाऱ्या भारतीय बायकांमध्ये आंध्रातल्या कडप्पा आणि गोदावरी जिल्ह्यांतल्या बायका फार. त्यांच्यातल्या अनेकींचा रस्ता सरकारी संस्थेतून जात नाही. जातो तो दुबई किंवा मस्कतच्या व्हिजिट व्हिसावरून. कुवेतच्या २०१५ च्या घरकामगार कायद्यात दिवसाला कमाल १२ तास, आठवड्याची सुट्टी आणि वर्षाची पगारी रजा आहे, पण तो हक्क मागायला आधी नोंदलेला करार लागतो. व्हिजिट व्हिसावर गेलेल्या बाईकडे तो नाही. दरवाजा अरुंद केला की माणसे खिडकीतून जातात, आणि खिडकीतून गेलेल्यांची मोजदाद होत नाही.

व्हिजिट व्हिसाबद्दल मुलांनाही एक आकडा सांगायला हवा. अमिरातीत व्हिजिटवर काम करणे बेकायदा आहे, आणि मुदत संपली की दिवसाला ५० दिऱ्हम दंड. ९०० दिऱ्हमच्या नोकरीच्या आशेवर गेलेल्या माणसाला एक महिना जास्त राहिल्यास १,५०० दिऱ्हम भरावे लागतात. "तिथे गेल्यावर कंपनी व्हिसा लावून देईल" हे वाक्य ऐकले की उठून यावे. त्या वाक्याचा अर्थ असा की इथून निघताना कोणीच मालक नाही.

अमिरातीने २०१६ पासून एक चांगली सोय केली आहे. नोकरीचे ऑफर लेटर कामगाराने येण्याआधी सही करायचे आणि ते अरबी, इंग्रजी आणि त्याला समजणाऱ्या एका भाषेत असायचे, पुढे करार त्याहून वाईट करता येत नाही. त्या भाषांच्या यादीत हिंदी, मल्याळम, तमिळ, बंगाली, उर्दू आहेत. मराठी नाही. आपल्या मुलाने हिंदी प्रत मागावी आणि ती मोबाइलमध्ये फोटो काढून घरी पाठवावी.

तक्रार

तिथे भांडण झाले तर दूतावास, 'मदद' पोर्टल, तिथले कामगार न्यायालय हे रस्ते आहेत, आणि त्यांवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. पण पैसे इथे दिलेले असतात, म्हणून तक्रारीचा खरा जोरही इथेच आहे. १९८३ च्या कायद्यात परवाना नसताना भरती करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. एका मुलाकडून लाख घेणाऱ्याला दोन हजारांचा दंड, हा आकडा छापतानासुद्धा संकोच वाटतो. शिवाय या कायद्याखाली खटला भरायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि पोलीस ठाण्यात बहुधा तेच कारण सांगून माणसाला परत पाठवतात.

पूर्वपरवानगीच्या त्याच कलमाला एक परंतुक आहे, ते मात्र कोणी सांगत नाही. ज्याची फसवणूक झाली तो कामगार स्वतः तक्रार करत असेल, किंवा त्याच्या वतीने आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण तक्रार करत असतील, तर केंद्राची परवानगी लागत नाही. म्हणजे मुलगा तिकडे अडकलेला असताना त्याची आई इथे तक्रार देऊ शकते. तिच्या हातात फक्त कागद हवा. म्हणून एजंटला पैसे रोखीत देऊ नका, बँकेतून द्या. आणि पावती, करार, परवान्याचा क्रमांक, व्हिसाची प्रत यांचा एक संच मुलाच्या बॅगेत घातलात तसा दुसरा घरात, आईच्या पेटीत ठेवा.